जीमॅटला ६५५ आले, परत द्यायची का? माझं मत: बहुतेकांनी देऊ नये

हिंजवडीकर:
आमच्या टीममधली एक मुलगी, पुण्यातच इंजिनीअरिंग केलंय, आयटीत चार वर्षं झाली, तिला जीमॅटला, म्हणजे एमबीएच्या प्रवेश परीक्षेला, ६५५ पडले. नवीन स्केल हां, २०५ ते ८०५ वालं. आता नोव्हेंबर निम्मा संपला, अमेरिकेतल्या बहुतेक बिझनेस स्कूल्सच्या राऊंड टूच्या (अर्जांच्या दुसऱ्या फेरीच्या) डेडलाइन्स जानेवारीच्या सुरुवातीला, आणि बाईसाहेब म्हणतात परत देणार, ६९५ आल्याशिवाय फॉर्मच भरणार नाही. घरचेपण म्हणतायत दे, जमेल. दरवर्षी कुणी ना कुणी हेच करताना बघतोय म्हणून लिहितोय.

एक तर ६५५ वाईट नाहीच. नवीन ६४५ म्हणजे जुन्या ७०० च्या आसपास, आणि जुने सातशे काय चीज होती ते इथल्यांना सांगायला नको. पण काका-मामांच्या डोक्यात कुणाच्या तरी मुलाचे ७४० बसलेत, जुन्या परीक्षेतले, त्यामुळे पोरगी कमी पडली असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलंय.

आणि मुळात परत द्यायची की नाही हे स्कोअर बघून ठरवायचंच नसतं, मॉक (सराव परीक्षा) बघून ठरवायचं. ऑफिशियल मॉक्समध्ये सतत ६९५-७०५ येत होते आणि सेंटरवर ६५५ आले तर जरूर द्या, तो दिवस वाईट गेला. पण मॉकमध्येसुद्धा तेवढेच येत असतील तर तुमचा स्कोअर तोच आहे, सोळा दिवसांची सक्तीची गॅप संपवून परत जाल तर नशिबाने वीस पॉइंट वर नाहीतर वीस खाली. तिचे मॉक विचारले मी. ६५५, ६४५, ६७५. मग?

खरी अडचण वेळेची आहे. एसेज अजून कोरे आहेत. रेकमेंडेशन कोण देणार ते नक्की नाही, आणि मॅनेजर लोकांना महिनाभर आधी सांगितलं तरी ते शेवटच्या रात्री अकरा वाजता विचारतात की लिंक कुठली होती. या सहा आठवड्यांत तिने डेटा सफिशियन्सीचे प्रश्न घोटायचे की स्वतःची गोष्ट नीट लिहायची?

तिरपी_रेघ:
अहो तुमचं सगळं बरोबर आहे पण ती भारतीय आहे, इंजिनीअर आहे आणि आयटीत आहे हे विसरलात की काय. त्या ढिगातून वर यायचं असतं हो. कॉलेज बदलता येत नाही, ग्रॅज्युएशनचा सीजीपीए बदलता येत नाही, कंपनी आता दीड महिन्यात बदलणार नाही, एकच आकडा तिच्या हातात आहे आणि तुम्ही म्हणता त्याला हात लावू नकोस. ॲडमिशनवाले म्हणतात आम्ही संपूर्ण माणूस बघतो, म्हणू देत, पण त्याच स्कूल्स वेबसाइटवर क्लासचा सरासरी स्कोअर छापतात ना, आणि तो खाली आलेला कुणाला आवडत नाही. आपल्याकडच्या अर्जांची तुलना आपल्याकडच्याच अर्जांशी होते हे मी तरी गृहीत धरते.

आणि परत देण्यात तोटा काय? आता स्कोअर बघितल्यावर ठरवायचं कुठला पाठवायचा ते, आणि रिपोर्टवर तेवढाच अटेम्प्ट दिसतो. खराब गेला तर जुना पाठवा. बारा महिन्यांत पाच वेळा देता येते, ती कुठे पाच वेळा देतेय.

उनाड_बोका:
तोटा काय? २७५ डॉलर. चोवीस हजार तरी धरा, एका वेळचे. पाच वेळा म्हणे.

तिरपी_रेघ:
@उनाड_बोका ज्या कोर्सला कोटभर रुपये लागणार तिथे चोवीस हजारांवर अडायचं का? थोडी जरी स्कॉलरशिप वाढली तरी कितीतरी पटीने वसूल.

हिंजवडीकर:
@तिरपी_रेघ पैशांबद्दल मी बोललोच नाहीये. ढिगाचं म्हणाल तर उलट आहे माझं म्हणणं. त्या ढिगात ६९५ वालेपण खोऱ्याने आहेत आणि त्यांच्यातले कितीतरी जण रिजेक्ट होतात, कारण सगळ्यांचा एसे एकच: मी टीम लीड केली, क्लायंट खूश झाला, आता मला प्रॉडक्ट मॅनेजर व्हायचंय. ही मुलगी कॉलेजपासून नेत्रहीन विद्यार्थ्यांसाठी रायटर म्हणून पेपर लिहायला बसते, त्यातून तिने ऑफिसमधल्या एका ॲपची ॲक्सेसिबिलिटी सुधारून घेतली, वरच्यांशी भांडून. हे तिने एसेच्या ड्राफ्टमध्ये घेतलंच नाहीये! म्हणाली "त्यात काय सांगायचं". आता याला वेळ द्यायचा की चाळीस पॉइंटना?

कोल्हापुरी_क्वांट:
दोघंबी हवेत बोलायलाय राव. सेक्शनचे स्कोअर सांगा की आधी. टोटलवरनं काय कळतंय?

क्वांट (गणित), व्हर्बल (इंग्लिश) आणि डेटा इनसाइट्स (डीआय, तक्ते-आकडे वाचायचे), तिन्ही सेक्शनला सारखंच वजन आहे, प्रत्येक ६० ते ९०. जुन्या जीमॅटसारखं नाही, तिथं टोटल क्वांट-व्हर्बलवर निघायची. आता डेटा इनसाइट्सबी तेवढंच मोजतात. आपली पोरं क्वांटला ८६-८८ काढतात आणि डीआयला ७७ वर बसतात, कारण २० प्रश्न, ४५ मिनिटं, एकेका प्रश्नाला दोन-तीन भाग आणि एक भाग चुकला की अख्खा प्रश्न गेला. ढोबळमानानं बघा, तिन्ही सेक्शन मिळून सहा पॉइंट वाढले की टोटलला चाळीस वाढतात. म्हणजे डीआय ७७ चं ८३ केलं की ६५५ चे ६९५. महिन्याभरात होतंय ते, कारण तिथं बहुतेक वेळा डोकं कमी पडत नाही, वेळ कुठं सोडायचा ते कळत नाही. प्रत्येक सेक्शनला तीन उत्तरं बदलायची सोय दिलीय तीबी कितीजण वापरत नाहीत. अडकलेल्या प्रश्नावर बुकमार्क टाकायचा, अंदाजे ठोकायचं, पुढं जायचं. शेवटचे प्रश्न रिकामे सोडले तर मार्क जातात, ते वेगळंच.

पण व्हर्बल कमी असंल तर महिन्यात काय होत नाही. सेंटेन्स करेक्शन (व्याकरणाचे प्रश्न) गेलं, म्हणजे रट्टा मारून वाढायची जागाच गेली. आता नुसतं रीडिंग आणि क्रिटिकल रीझनिंग. ते वाचनाचं काम आहे, सावकाशीचं.

कोथरूडचे_काका:
माझा मुलगा कॅटवाला (आयआयएमची प्रवेश परीक्षा), त्यामुळे मला या जीमॅटच्या लोकांचा हेवाच वाटतो. कॅट वर्षातून एकदा, नोव्हेंबरातला एक दिवस, त्या दिवशी ताप आला की वर्ष गेलं, आणि स्कोअर त्याच वर्षापुरता. त्यामुळे नोकरी सोडून घरी बसलेली मुलं पाहिली आहेत, आईवडील कुजबुजत बोलतात, लग्नकार्यात नेत नाहीत. तुमचा स्कोअर पाच वर्षं चालतो ना? मग जानेवारीचीच घाई कशाला? नोकरी चालू ठेवायची, डिसेंबर-जानेवारीत शांतपणे परीक्षा परत द्यायची आणि पुढच्या सप्टेंबरात राऊंड वनला सगळे अर्ज टाकायचे. एसेजपण होतील, स्कोअरपण होईल. वर्षभराचा अनुभव वाढेल तो वेगळाच. आपल्या हैदराबादच्या आयएसबीलाही जीमॅट चालते, आयआयएम अहमदाबादच्या पीजीपीएक्सलाही (अनुभवी लोकांचा एक वर्षाचा एमबीए) चालते.

उनाड_बोका:
काका पुढच्या वर्षी अमेरिकेत काय नवीन निघेल याचा नेम आहे का. एच-वन-बीच्या (तिथल्या नोकरीच्या व्हिसाच्या) नवीन अर्जावर लाख डॉलर लावून टाकले रातोरात. माझा मित्र...

तिरपी_रेघ:
व्हिसाचा वेगळा धागा काढा प्लीज. इथे नको.

सिंगापूरची_मंजू:
मी या चक्रातून गेलेय, स्कूलचं नाव नको. मला एक तिसराच रस्ता सांगायचाय जो इथे कुणी बोललं नाही. आहे त्या स्कोअरवर अर्ज टाकायचा आणि परीक्षा नंतर द्यायची. वेटलिस्ट झालात तर बऱ्याच स्कूल्स नवीन स्कोअर घेतात, काही स्पष्ट सांगतात की काहीही पाठवू नका, ते आधी वाचून घ्यायचं. मी वेटलिस्टवर असताना वाढलेला स्कोअर पाठवला आणि पुढे प्रवेश झाला. स्कोअरमुळेच झाला असं छातीठोक सांगता येणार नाही, पण ईमेल करायला एक ठोस कारण मिळालं, नाहीतर "मला अजूनही तुमच्याकडेच यायचंय" एवढंच किती वेळा लिहिणार. एसेज लिहून झाल्यावर अभ्यास करताना डोकंपण शांत होतं. आधी दोन्ही एकदम करत होते तेव्हा रोज रात्री नवऱ्याशी भांडण.

हिंजवडीकर:
@मंजू हे मला चालेल. म्हणजे जानेवारीपर्यंत परीक्षेचं नावच काढायचं नाही.

@कोल्हापुरी_क्वांट विचारलं तिला. क्वांट ८६, डीआय ८२, व्हर्बल ७९.

कोल्हापुरी_क्वांट:
अरारा. मग मी तुमच्या बाजूनं. ७९ चं ८५ सहा आठवड्यात, तेबी नोकरी करून, मला नाही वाटत.

तिरपी_रेघ:
मला वाटतं. व्हर्बल ७९ म्हणजे उलट जागा जास्त आहे वर जायला. आणि इंग्लिशवर प्रॉब्लेम आहे की घाईवर ते बघितलं का कुणी? २३ प्रश्न, ४५ मिनिटं. शेवटचे चार-पाच अंदाजे मारले असतील तर ती वाचनाची कमतरता नाही, ती वेळेची आहे, म्हणजे क्वांटभाऊंनी डीआयबद्दल जे सांगितलं तेच. रिपोर्टमध्ये कुठल्या प्रश्नाला किती वेळ गेला ते दिसतं, ते बघून मग बोला. मुलगी कदाचित एक पॅसेज तीनदा वाचत असेल.

हिंजवडीकर:
वाचत असेलही. पण ताई, रेकमेंडेशनचा एक मेल गेला नाहीये अजून, आज २० तारीख.

तिरपी_रेघ:
मेल पाठवायला किती वेळ लागतो? आज पाठवा म्हणावं तिला. आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातला स्लॉट मिळतोय का तेपण आजच बघा, पुण्यात नाही तर मुंबईत.

कोथरूडचे_काका:
तिला स्वतःला काय वाटतं ते विचारलंत का कुणी?

हिंजवडीकर:
काका ती म्हणते परत देणार.