तान आणि चान एकच आडनाव कसं?

खानापूरची आई:
नमस्कार मंडळी. माझा मुलगा सिंगापूरला नोकरीला आहे. त्याच्या हाताखाली एक तान आहे आणि हाँगकाँगहून आलेली एक चान. दोघं म्हणतात, आमचं आडनाव एकच! 'त' आणि 'च' एक कसे होतील? आणि मग ते भाऊबंद झाले का?

निपाणीचा मास्तर:
ताई, लिहायचं चिनी अक्षर एकच, बोली वेगळ्या. बीजिंगकडे चेन, हाँगकाँगच्या कँटनीत चान, फुजियानच्या होक्कियनमध्ये तान, व्हिएतनामात त्रान. जुना उच्चार 'त'कडचा. फुजियानने तो धरून ठेवला, उत्तरेत त्याचा 'च' झाला. आपलं नाही का, मराठीत बेळगाव, कन्नडात बेळगावी, इंग्रजांच्या तोंडी बेलगाम?

मूळ मात्र आपल्या 'कर'सारखं, मुलखावरून आलेलं. परंपरा अशी सांगते की इ.स.पू. अकराव्या शतकात झोऊ राजा वू याने पुराणातल्या शुन राजाच्या वंशातल्या मान याला चेन हे राज्य दिलं, वर आपली मुलगीही दिली. ते आजच्या हनान प्रांतात, हुआययांगजवळ. इ.स.पू. 479 च्या सुमारास शेजारच्या चू राज्याने ते गिळलं. पण माणसांनी मुलखाचं नाव आडनावात ठेवलं.

त्याच्या कितीतरी आधी, इ.स.पू. 672 मध्ये, चेनमधला वान नावाचा राजपुत्र जीव वाचवून 'ची' नावाच्या राज्यात पळाला होता. त्याचे वंशज त्यान म्हणवू लागले आणि इ.स.पू. 386 मध्ये त्या राज्याच्याच गादीवर बसले. आश्रिताच्या घराण्याची ही गोष्ट मी वर्गात कितीदा सांगितली असेल!

चिकोडीचा अण्णा:
सगळे एका रक्ताचे नव्हेत हं ताई. इ.स. 496 मध्ये उत्तर चीनमधल्या उत्तर वेई राजवटीच्या श्याओवन सम्राटाने आपल्या शियानबेई या मूळच्या बिगरचिनी जमातीतल्या घराण्यांना चिनी आडनावं घ्यायला लावली, तेव्हा होउमोचेन हे घराणंही चेन झालं. सगळे पाटील तरी कुठं एका कुळाचे असतात? पण नावाची ओढ खरी. दक्षिण चीनमधल्या ग्वांगझोऊ शहरातलं चेनांचं कुलभवन 1890 च्या दशकात पुरं झालं, ते ग्वांगडोंग प्रांताच्या 72 तालुक्यांतल्या चेनांनी वर्गणी काढून बांधलंय.

खानापूरची आई:
मास्तर, वाचून गळा दाटला. माझं माहेरचं आडनाव ज्या गावावरून आलं, ते हिडकल धरणात गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आजोबा मला काठावर न्यायचे आणि बोटाने दाखवायचे, इथं आपला सोपा होता, तिथं गोठा. आता मुलाला सांगते, त्या तानला विचार, त्याच्या घरी पणजोबांचं गाव कुठलं सांगतात.