मदत हवी आहे: 'माइंड'साठी जर्मनमध्ये कोणता शब्द घेऊ?

नमस्कार मंडळी. एका इंग्रजी ललित लेखाचा जर्मन अनुवाद करते आहे आणि 'माइंड' या एका शब्दापाशी चार दिवस अडकले आहे.

सुटे वाक्प्रयोग अवघड नाहीत. 'पीस ऑफ माइंड'ला 'झेलेनफ्रीडन' आहे, 'चेंज युअर माइंड'ला 'माइनुंग' म्हणजे मत बदलणे. खरी अडचण एका वाक्यात आहे. लेखिका आजारी आजीबद्दल लिहिते: तिचं 'माइंड' शाबूत होतं, पण 'माइंड'ला स्वस्थता नव्हती. तोच शब्द दोनदा, मुद्दाम. पहिल्या जागी 'फेरश्टांट' चपखल बसतो, कारण तिथे बुद्धी अभिप्रेत आहे. दुसऱ्या जागी 'गेम्यूट' हवा, तो आपल्या 'मना'च्या बराच जवळचा. पण दोन वेगळे शब्द आले की ती पुनरुक्ती जाते, आणि वाक्याचा जीव तिच्यातच आहे.

दोन्हीकडे 'गाइस्ट' ठेवून पाहिलं, त्यात बुद्धी, मन, आत्मा सगळंच येतं. पण त्याचा एक अर्थ भूत असाही होतो. 'अस्वस्थ गाइस्ट' वाचून भलतंच चित्र उभं राहील. जर्मन तत्त्वज्ञ हेगेलच्या १८०७च्या ग्रंथाच्या नावातला 'गाइस्ट' इंग्रजीत १९१०च्या अनुवादात 'माइंड' झाला आणि १९७७च्या अनुवादात 'स्पिरिट', म्हणजे उलट दिशेनेही तो हातातून निसटतोच.

आता वाटतंय, 'कोप्फ' आणि 'हेर्त्स', म्हणजे डोकं आणि हृदय, अशी जोडी घेऊन निदान लय राखावी. जर्मन वाचकाला ती फार गुळगुळीत वाटेल का? साहित्यिक अनुवाद करणाऱ्यांनी कृपया सांगा, मसुदा शनिवारी द्यायचा आहे.