बुडेल की तरंगेल? पोरं पाण्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघतात

फुटकी_पाटी

भोर तालुक्यातली द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळा. पहिली, दुसरी, तिसरी माझ्याकडे, चौथी-पाचवी सरांकडे. माझी १४ पोरं एकाच खोलीत. पाऊस तिरका आला की त्यातली चार खिडकीपासून उठून माझ्या टेबलाखाली.

तिसरीला परिसर अभ्यास आहे. पहिली-दुसरीला तो वेगळा विषय नाही. पण तिसरीच्या पोरांपुढे पाण्याचं घमेलं ठेवायचं आणि पहिलीला सांगायचं की तुम्ही गपचूप गिरवत बसा, हे जमतं का कुणाला? सगळी घमेल्याभोवती गोळा. मग म्हटलं, चला, सगळ्यांचंच घेऊ. काय बुडतं, काय तरंगतं.

पेन्सिल, खोडरबर, खडू, टाचणी, जांभळाची बी, माझी केसांची क्लिप. एकेक वस्तू हातात धरून मी विचारते, "काय होईल रे?" आणि चौदाच्या चौदा पोरं माझ्या तोंडाकडे बघतात. पहिलीतली एक बारकी आहे, तिला इथे चिमणी म्हणते. ती म्हणाली, "बुडंल." मी काही बोलले नाही. तिने जरा माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, "नाय नाय, तरंगंल." पोरं माझी भुवई वाचतात! वाचन चाचणीत एवढं वाचलं असतं तर मी निपुणच्या (पोरांना वाचता-मोजता यावं म्हणून असलेलं सरकारी अभियान) बैठकीत पहिल्या रांगेत बसले असते.

दुसरा प्रश्न दुसरीतल्या एकाचा. त्याला सरपंच म्हणू, कारण तसाच वागतो. त्याचा नियम ठरलेला: जड बुडतं, हलकं तरंगतं. पोषण आहाराच्या ताईंकडून लाल भोपळा मागून आणला. तीन किलोचा तरी असेल. सरपंचानेच दोन्ही हातांनी कवटाळून, धापा टाकत आणला. घमेल्यात सोडला, तरंगला. सरपंच म्हणाला, "बाई, घमेलं बारकं हाय. भोपळा कडेला टेकलाय." बरोबरच होतं, टेकला होता. मग बाहेरच्या पाण्याच्या पिंपात टाकला. तिथेही तरंगला. सरपंच थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हंजी भोपळा जड नाय."

आत्ता धापा टाकत आणलास ना रे!

डीएडला पियाजे हा मानसशास्त्रज्ञ पाठ केला होता, मूर्त क्रियात्मक अवस्था, म्हणजे समोरच्या वस्तूंवरून पोर तर्क करतं ते वय, सात ते अकरा वर्षं वगैरे. परीक्षेत पूर्ण गुण मिळाले. भोपळ्यापुढे त्याचा उपयोग झाला नाही. आता ह्याला घनता सांगू का? सात वर्षांच्या पोराला? आणि नाही सांगितली तर मग मी नेमकं शिकवलं काय?

लिंबूटिंबू

उत्तर नाही माझ्याकडे, पण एक किस्सा आहे. माझी मुलगी शहरातल्या एका शाळेत दुसरीत होती. विज्ञान म्हणजे छापील कागद: तरंगणाऱ्या वस्तूंना गोल करा. त्यात अंडं होतं. हिने घरी ग्लासात टाकून बघितलं, ते वर आलं. गोल केला. शाळेत त्यावर लाल फुली. अंडं फ्रीजमध्ये बरेच दिवस पडलेलं होतं. शिळं होत जातं तशी आतली हवेची जागा वाढते आणि ते तरंगतं, ताजं असतं ते बुडतं. फुली मारणाऱ्या बाईही त्यांच्या जागी बरोबर आणि मुलगीही बरोबर. पण त्यानंतर तिने कुठलाच कागद घरी करून बघितला नाही. थेट मैत्रिणीचं बघून लिहायला लागली.

खडूची_भुकटी

बाई, ३४ वर्षं झाली मला या धंद्यात, शेवटची सहा केंद्रप्रमुख म्हणून. निवृत्त झालो तरी शाळा दिसली की आत डोकावतो.

भुवईचं औषध सोपं आहे. ज्याचं उत्तर तुम्हालाच माहीत नाही तेच टाका. तुम्ही नेता त्या सगळ्या वस्तू तुम्ही आधी मनात टाकून बघितलेल्या असतात, पोरांना ते लगेच कळतं. त्यांनाच सांगा घरून आणायला. कागदी लिंबू आणेल कुणी. एक बुडतं, दुसरं तरंगतं, आपल्यालाही छातीठोक सांगता येत नाही. चेंडूच्या अर्ध्या तुकड्यात पाणी भरलं की काय होतं? मलाही करूनच बघावं लागेल. तुमचा चेहरा कोरा करायची खटपट करू नका. त्यावर खरंच काही नसू द्या.

दुसरं, अंदाज तोंडी घेऊ नका. तोंडी घेतलात की पहिला हुशार पोरगा बोलतो आणि बाकीचे त्याच्यामागे. खोलीच्या मधोमध खडूने रेघ मारा. बुडेल म्हणणारे खिडकीकडे, तरंगेल म्हणणारे दाराकडे. पाय हलवावे लागले की पोरगं विचार करतं. मग दोन्हीकडची डोकी मोजा, फळ्यावर लिहा. बुडलं, तरंगलं हे शब्द पहिलीच्या पोरांना त्याच आठवड्यात वाचता येतील, आणि बेरीज-वजाबाकीही होईल. वेळापत्रकात विज्ञानाला जागा नाही म्हणून रडणाऱ्यांना मी हेच सांगत आलो.

आता सरपंच. मला तो फार आवडला. त्याला घनता सांगू नका. तो 'घनता' पाठ करेल आणि पुढच्या भोपळ्याला म्हणेल 'घनता कमी हाय', आत काहीही न बदलता. त्याच्या नियमाला अडचण येईल अशा वस्तू समोर ठेवत राहा. होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या सारख्या प्लास्टिकच्या बाटल्या मिळतात. आठ-दहा गोळा करा. एक रिकामी, एकीत थोडी वाळू, एकीत अर्धी, एक गच्च भरलेली. बुचं घट्ट लावा. आकार सगळ्यांचा सारखाच, बदलते ती वाळूच. रिकामी आडवी पडून तरंगते, थोड्या वाळूची उभी राहते, गच्च भरलेली तळाला जाते. इथे सरपंचाचा नियम बरोबर ठरतो! ते त्याला दिसू द्या. मग दुसऱ्या दिवशी उलटं: चिकणमातीचा एकच गोळा, तोच बुडवा, तोच थापून होडी करून सोडा. होडी फार वेळ टिकत नाही, पण पुरते. इथे वजन तेच आणि बदलला तो आकार. यातून तो स्वतःच 'आकाराच्या मानानं जड' असं काहीतरी बडबडायला लागेल. लागला नाही तर पुढच्या वर्षी लागेल. तिसरीत गेल्यावर तुमच्याकडेच असणार आहे की.

मध्य प्रदेशातल्या होशंगाबादचा विज्ञान शिक्षणाचा प्रयोग १९७२ मध्ये १६ मिडल स्कूलमध्ये सुरू झाला, २००२ मध्ये सरकारने बंद केला. तो सहावी ते आठवीसाठी होता, म्हणून आपल्या पोरांना जसाच्या तसा लागू नाही. पण करून बघायचं, लिहायचं आणि भांडायचं, एवढं पहिलीलाही चालतं. भांडायला तर पहिलीचीच पोरं जास्त तयार असतात.

स्पष्टबोले

सगळं छान छान. पण उत्तर न सांगता पोरं घरी पाठवली तर ती चुकीचंच घेऊन जातील ना? 'भोपळा जड नाही' हे डोक्यात बसलं तर काढणार कोण? शिक्षक कशासाठी असतो? आमच्या वेळी गुरुजी सांगायचे, आम्ही लिहायचो, आणि आम्ही इंजिनियर झालो.

खडूची_भुकटी

झालात, आनंद आहे. पण तुमच्या वर्गातले किती झाले तेही सांगा.

उत्तर लपवून ठेवा असं मी म्हणत नाहीये. भोपळा ताजव्यात घाला, शेजारी तरंगणारी पेन्सिल घाला आणि बुडालेला खडू घाला. भोपळा जड आहे हे तराजू सांगेल, बाई कशाला सांगतील.

भातखाचर

शिक्षक नाही, शेतकरी आहे, मावळातला. मुलगी तिसरीत. आपल्याकडे रोप टाकायच्या आधी बियाणं मिठाच्या पाण्यात टाकतात ते पोरांनी बघितलेलं असणार. १० लिटर पाण्याला ३०० ग्रॅम मीठ. ढवळायचं, भात ओतायचं. पोचट वर येतं, ते चाळणीने काढून टाकायचं. तळाला बसलेलं दोन-तीनदा साध्या पाण्याने धुवायचं, सावलीत सुकवायचं. साध्या पाण्यात अगदी रिकामंच वर येतं, मिठाच्या पाण्यात अर्धवट भरलेलंही येतं. म्हणून मीठ.

वर्गात १ लिटर पाणी आणि ३० ग्रॅम मीठ पुरेल. पण बाई, बघून सोडून देऊ नका. वर आलेलं आणि खाली बसलेलं वेगवेगळं पेरा. माझ्या मुलीने दोन करवंट्यांत पेरलं होतं. तेव्हापासून बियाणं काढताना माझ्या डोक्यावर उभी असते, 'बाबा, ते तरंगणारं घेतलंत तुम्ही!'

फुटकी_पाटी

दहा दिवसांनी आले. मध्ये लाइट नव्हती, मग सरांची रजा, पाचही वर्ग एकटीकडे.

रेघ मारली. पहिल्या दिवशी सगळी सरपंचाच्या मागे गेली, तो खिडकीकडे तर सगळे खिडकीकडे. मग मी त्याला शेवटी उभं राहायला सांगितलं. फरक पडला. चिमणी दुसऱ्या दिवशी दाराकडे एकटी उभी होती. ओठ चावत होती, पण उभी होती. खडूवर पैज होती. खडू बुडाला, चिमणी हरली. पण तिनेच पाहिलं की खडू खाली जाताना बारीक बुडबुडे सोडतो. "बाई, त्याचा दम निघतोय." मग बाकीच्यांना खडूच हवा. एक डबी खडू पाण्यात गेले, ते आता वाळत घातलेत. सर रजेवरून आले की मला बोलणी बसणार.

बाटल्यांच्या दिवशी भांडण झालं. सरपंचाने त्याची बाटली वरून आपटून टाकली आणि चिमणीने अलगद ठेवली. त्याची तळाला गेली आणि परत वर आली, तोवर हा ओरडला, "बुडाली, बुडाली!" चिमणी म्हणाली, "ह्यो रडीचा डाव हाय. तू जोरात टाकलीस. माझ्यासारखी ठेव." सगळ्या वर्गाने ठरवलं की आता सगळ्यांनी बाटली पाण्याला टेकवूनच सोडायची. मी शब्दही बोलले नव्हते. एका वेळी एकच गोष्ट बदला, हे मी तिसरीला कसं सांगायचं म्हणून दोन वर्षं चाचपडत होते. रडीचा डाव नको म्हटलं की त्यांना लगेच कळतं.

मातीच्या होडीला सरपंच म्हणाला, "पसरली म्हणून तरंगली." भोपळ्याबद्दल विचारलं तर म्हणाला, "जड हाय, पण लई मोठा बी हाय." मी पुढे काही विचारलं नाही. वहीत त्याचं वाक्य आहे तसं लिहून ठेवलंय. स्पष्टबोले, तुम्हाला हे अपुरं वाटेल. मलाही पहिल्या रात्री वाटलं.

भातखाचर, भात पेरलं. दोन वाट्यांत दहा-दहा दाणे. तळाचे नऊ उगवले, वरचे तीन. सरपंचाच्या आजीने शाळेत येऊन वाट्या बघितल्या आणि म्हणाल्या, एवढं तर आमाला बी ठावं हाय, ह्यात शाळा कशाला पायजे. मी त्यांना बसवून घेतलं आणि पोरांना म्हटलं, विचारा आजींना काय विचारायचं ते. अर्धा तास चाललं. पोरांनी विचारलं की ते वरचे तीन मग कसे उगवले. आजी म्हणाल्या, ते त्यांनाच विचारा. पुन्हा पेरायचं ठरलंय, या वेळी वीस-वीस.

एक अडचण आहे. काल सरपंचाने विचारलं, "बाई, तुम्ही तरंगता का?" सगळी पोरं रेघेकडे पळाली. नऊ जण खिडकीकडे, म्हणजे बुडेल. आता ती भाटघर धरणावर जाऊन बघू म्हणतायत. मला पोहता येत नाही.