साठीनंतर लग्न नोंदवायचं, की नुसतंच सोबत राहायचं?

टिळकवाडीकर: मुलं पुण्या-बेंगळुरात, इथे दोघंही एकटे. सोबत हवीच. पण बाईला नवऱ्यामागची फॅमिली पेन्शन असेल तर लग्नाची नोंद करू नये. केंद्राच्या नियमांत पुनर्विवाहाने ती थांबते (निपुत्रिक, तुटपुंज्या उत्पन्नाच्या विधवेचा अपवाद सोडून), ईपीएस-95 मध्येही (खासगी नोकरदारांची पीएफ खात्याची पेन्शन योजना) तेच. स्वतःच्या नोकरीची पेन्शन मात्र थांबत नाही.

खानापूरची: काका, इथेच गफलत होतेय. नोंद नाही केली, पण देवळात सप्तपदी झाली तर ते लग्नच. नोंद हा नुसता पुरावा. नोव्हेंबरात हयातीचा दाखला देताना पुनर्विवाहाबद्दल विचारतात; तिथे खोटं लिहिलं तर वसुली लागू शकते. पेन्शन राखायची तर विधीही नको, नुसतं राहा. मग वारसाहक्क विसरा. जोडीदार गेला की तेराव्याआधीच त्याची मुलं घराची किल्ली मागतात.

शहापूरकर: मुलांची भीतीही खोटी नाही हो. आई मृत्युपत्राविना गेली तर पहिल्या नवऱ्याकडून आलेल्या घरातही नव्या नवऱ्याला मुलांइतकाच वाटा, 1956 च्या वारसा कायद्याचं कलम 15. असा भागीदार कोण खपवून घेईल? माझा लग्नाला विरोधच.

खानापूरची: मग मृत्युपत्र करा की! साधा कागद चालतो, स्टॅम्प नको, दोन साक्षीदार पुरे. घर मुलांना, हयातभर राहायचा हक्क जोडीदाराला, एवढं लिहिलं की झालं. मुलांची समजूत काढायला घाईने बक्षीसपत्र मात्र करू नका. घर त्याच दिवशी हातचं जातं, आणि सांभाळायची अट त्यात नसेल तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली ते रद्द करून घेणं कठीण.

चंदगड नाका: ती चंदगडची, तो बेळगावचा, असं असेल तर विशेष विवाह कायद्याची (विधीविना, नोंदणी कचेरीतल्या लग्नाची) नोटीस कुठल्याही एका जिल्ह्यात देता येते, त्या जिल्ह्यात दोघांपैकी एकाचं आधीचे 30 दिवस वास्तव्य हवं. प्रत दुसऱ्या जिल्ह्यातही लागते. 30 दिवस बोर्डावर म्हणजे गल्लीभर बोंब. नंतर तीन साक्षीदार, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. बोर्ड नको तर विधी करून हिंदू विवाह कायद्याखाली नोंदवा. खरे हेलपाटे नावापायी: आधारवर मधलं नाव पहिल्या नवऱ्याचं, वयाच्या दाखल्यावर माहेरचं. बेळगावात कागद कन्नडमध्ये असतात, सहीआधी वाचून घ्या.

टिळकवाडीकर: एवढं करून तिची पेन्शन गेलीच ना?

खानापूरची: गेली. पण तो केंद्राचा पेन्शनर असेल तर निवृत्तीनंतरच्या बायकोलाही फॅमिली पेन्शन आहे, पीपीओत (पेन्शनच्या आदेशपत्रात) नाव चढवून घ्यायचं. त्याला पेन्शनच नसेल तर तुमचं बरोबर.