वाळपई सायकलने पाहायची असल्यास महिना कोणता आणि वाट कोणती?

मांडवीकाठ:

नमस्कार. मी पणजीला राहतो. रविवारी सकाळी सायकल घेऊन चोडण किंवा दिवाडी गाठणे हा माझा नेहमीचा क्रम आहे, पण त्या बेटांवरचे रस्ते आता पाठ झाले असून यंदा वाळपई ज्यात येते त्या सत्तरी तालुक्याकडे वळावे असे मनात आहे. धबधब्यांची मला हौस नाही. त्यासाठी पावसाळ्यात लोक गाड्या भरभरून जातातच. मला वाळपईची बाजारपेठ, भोवतालची भातशेती, कुळागरे (सुपारी-नारळाच्या बागा) आणि काजूबागा दोन दिवस मुक्काम करून सावकाश पाहायच्या आहेत. कोणत्या महिन्यात गेल्यास शेतीची कामे प्रत्यक्ष चालू असलेली दिसतील, पणजीहून सायकलनेच निघावे की साखळी गावापर्यंत दुसरे वाहन करावे, आणि अनोळखी माणसाने कुणाच्या कुळागरात शिरणे तिकडच्या लोकांना रुचते का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे. पत्नीही सोबत येणार आहे आणि तिची सायकल बिनगियरची आहे.

सत्तरीकर:

आपण धबधबे वगळलेत हे वाचून बरे वाटले. माझ्या मते मार्च महिना निवडावा, कारण त्या दिवसांत सत्तरीतील निम्मे मनुष्यबळ काजूच्या कामात गुंतलेले असते आणि ते काम रस्त्यालगतच चाललेले असल्यामुळे सायकलवरच्या माणसाला ते आपसूक दिसते. सकाळी सातच्या सुमारास डोंगरउतारावर बायामाणसे टोपल्या घेऊन बोंडू (काजूची फळे) गोळा करताना दिसतील. दारूच्या भट्टीसाठी झाडावरचे बोंडू तोडत नाहीत, पिकून खाली पडलेलेच वेचतात. मग बी पिळून वेगळी काढतात आणि बोंडू कोळंबीत, म्हणजे तुडवण्याच्या कुंडीत, टाकतात. तुडवून झालेल्या चोथ्याचा ढीग वेलीने घट्ट आवळून त्यावर जड दगड ठेवला की रात्रभर जो नितळ रस थेंबाथेंबाने गळतो तो नीरो. तो सकाळीच प्यावा, कारण ऊन चढले की तो आंबू लागतो आणि दुपारी मिळणाऱ्या नीरोवर माझा तरी विश्वास नाही. बाकीचा रस काही दिवस आंबवून भाणात (भट्टीच्या भांड्यात) उकळतात. पहिल्यांदा निघते ती हुर्राक, आणि तिचे पुन्हा ऊर्ध्वपातन केल्यावर मिळते ती फेणी, जिला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळाले. भट्टीवर जाऊन बसण्यास सहसा कुणाची हरकत नसते, मात्र विस्तवाकडे लक्ष असलेल्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत प्रश्न विचारू नयेत.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. शिगमो, म्हणजे आमचा होळीचा सण, बहुधा मार्चमध्येच येतो. त्या दिवसांत गावोगावी रोमटामेळ, कुठे घोडेमोडणी, झर्म्याला चोरोत्सव असे कार्यक्रम चालू असतात. पाहण्यासारखे पुष्कळ असते, पण शेतीची कामे थंडावलेली असतात आणि घरचे लोकही मांडावर (उत्सवाच्या जागी) असतात. शेती पाहायची असेल तर पंचांग बघून शिगम्याचे दिवस टाळावेत.

जुनी हर्क्युलस:

सत्तरीकर यांच्याविषयी आदर राखून मी असहमती नोंदवतो. मार्चमध्ये अकरानंतर सत्तरीच्या चढांवर सायकल हाकणे ही शिक्षा आहे, आणि बिनगियरच्या सायकलवर तर ती दुप्पट आहे. नोव्हेंबरअखेरीपासून जानेवारीपर्यंत जावे. सरद (पावसाळी) भाताची कापणी ऑक्टोबरातच आटोपलेली असते हे खरे, परंतु पाण्याची सोय असलेल्या मळ्यांत डिसेंबरपासून वायंगणाची (हिवाळी भाताची) लावणी सुरू होते, म्हादईच्या काठच्या काही गावांत नदी ओसरल्यावर पात्रातच पुरणशेती केली जाते, आणि कुळागरात सुपारी उतरवण्याचा हंगामही हिवाळ्याचाच. एका पोफळीवरची शिंपुटे (सुपारीचे घोस) कापून झाली की खाली न उतरता झाड झुलवून शेजारच्या पोफळीला हात घालणारा माणूस आपण पाहिला नसेल, तर तेवढ्यासाठीही ही फेरी सार्थकी लागेल. पावसाळ्याचा विचार मात्र करू नये. वाळपई हे गोव्यातील सर्वाधिक पावसाच्या केंद्रांपैकी एक आहे आणि दीडशे इंचांचा आकडा तिथे कुणाला नवल वाटत नाही.

आता वाटेविषयी. रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला उतरावे, तिथून मये, डिचोली, साखळी आणि होंडा असे करीत वाळपई गाठावी. एकूण अंतर 40 ते 45 किलोमीटर पडते. चोडणपासून मये तलावापर्यंतचा भाग सुखाचा आहे. डिचोली ते होंडा हा पट्टा खाणभागाचा असल्यामुळे अवजड ट्रकांची ये-जा असते, विशेषतः होंडा तिस्कावर (तिठ्यावर) पिसुर्लेच्या दिशेने येणाऱ्या वाहनांकडे लक्ष ठेवावे लागते. पत्नीची सायकल बिनगियरची असल्याने मी सुचवेन की दोन्ही सायकली छोट्या टेंपोत घालून साखळीपर्यंत न्याव्यात आणि पहाटेच तिथून पेडल मारायला सुरुवात करावी, म्हणजे साखळी ते वाळपई हे अंतर ट्रकांची वर्दळ वाढण्याआधी संपते. पणजी ते वाळपई सायकलनेच गेलो असे सांगण्याची हौस असेल तर गोष्ट वेगळी. चोर्ल्याच्या घाटाकडे मात्र वळू नये. तो रस्ता सुमारे 800 मीटर उंचीवर नेतो आणि त्यावर बेळगावची वाहतूक असते; आपल्या उद्देशाशी त्याचा काही संबंध नाही.

वाळपईत पोहोचल्यावर मोठी वर्तुळे आखण्यापेक्षा गावालाच केंद्र धरून छोट्या फेऱ्या माराव्यात. एक फेरी नाणूसकडे काढावी, जिथल्या किल्ल्यावरून दीपाजी राणे यांनी 1852 साली पोर्तुगीजांविरुद्ध बंड पुकारले होते. किल्ल्याचे अवशेष फारसे नाहीत, पण वाटेवरचे मळे पाहण्याजोगे आहेत. दुसरी ब्रह्मकरमळीकडे काढावी. सोळाव्या शतकात तिसवाडीतील करमळीहून भक्तांनी हलवलेली ब्रह्मदेवाची मूर्ती तिथे आहे, आणि तिथवरचा रस्ता सरळ कुळागरांमधून जातो.

कुळागरवाली:

माझे सासर याच भागातले असून आमचे कुळागर रस्त्याला लागून आहे, म्हणून तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देते. कुळागर ही पाहण्यासाठी मांडलेली जागा नव्हे. तिथे आमच्या घरच्या लोकांची ये-जा असते, विहीर असते, बहुतेक वेळा घरचा देवही असतो. त्यामुळे गडग्याबाहेर (दगडी कुंपणाबाहेर) सायकल लावून हाक मारावी आणि उत्तर येईपर्यंत आत पाऊल टाकू नये. घरात वडीलधारे असतील तर प्रथम त्यांच्याशी बोलावे. बहुतेक ठिकाणी आपल्याला आत बोलावतील, पाणी देतील, आणि पोफळी, माड, केळी, मिरवेल, जायफळ हे सगळे एकाच झऱ्याच्या पाटावर कसे जगते ते हौसेने दाखवतील. पाटावरून चालताना त्याच्या मातीच्या कडेवर पाय देऊ नये. ती कड ढासळली की खालच्या ओळीतल्या झाडांचे पाणी तुटते आणि ती पुन्हा लिंपण्यात आमची सकाळ जाते. वाळत घातलेली सुपारी किंवा मिरी हातात घेऊन पाहणे, न विचारता फोटो काढणे आणि खाली पडलेला नारळ उचलणे, या तिन्ही गोष्टींचा आम्हाला रास्त राग येतो.

महिन्याविषयी दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, पण मला विचाराल तर फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा निवडावा. काजूला नुकती सुरुवात झालेली असते, मिरीची तोडणी चालू असते, आणि सकाळी दहापर्यंत हवेत गारवा असतो.

मांडवीकाठ:

आपणा सर्वांचे आभार. फेब्रुवारीचा उत्तरार्ध नक्की केला आहे आणि साखळीपर्यंत टेंपोही करीन. दोन शंका उरल्या आहेत. म्हाऊस गावी नदीच्या पात्रातील कातळावर बैलांची प्राचीन चित्रे कोरलेली आहेत असे वाचले आहे. ती या दिवसांत दिसतात का? आणि संध्याकाळी उशिरापर्यंत रस्त्यावर राहिल्यास काही अडचण येते का?

सत्तरीकर:

म्हाऊसची चित्रे नदी आटल्यावरच नीट दिसतात, तेव्हा फेब्रुवारी योग्यच आहे. ऊन तिरपे असताना, म्हणजे सकाळी लवकर जावे. डोक्यावरच्या उन्हात कोरीव रेषा कातळात मिसळून जातात. गावातल्या कुणाला तरी सोबत घ्यावे आणि कातळावर पादत्राणे घालून चढू नये. रेषा उठून दिसाव्यात म्हणून त्यांवर खडूने गिरवणारे महाभाग असतात, त्यांना आपण दोन शब्द सुनावलेत तर आमची हरकत नाही.

संध्याकाळविषयी सांगायचे तर साडेसहाच्या आत मुक्कामी परतावे. 1999 साली घोषित झालेले म्हादई अभयारण्य वाळपईपासून दूर नाही, आणि तिन्हीसांजेला व पहाटे गवे रस्ता ओलांडतात. त्यांना मोटारीचा आवाज दुरून कळतो, सायकलचा कळत नाही, त्यामुळे वळणावर अचानक गाठ पडण्याचा धोका सायकलवाल्यालाच अधिक असतो. गवा दिसला तर घंटी वाजवू नये, उतरून थांबावे, आणि कळपातला शेवटचा प्राणी पलीकडे गेल्याची खात्री झाल्यावरच पुढे निघावे; पिल्ले बहुधा मागून येतात.

जुनी हर्क्युलस:

एक पुस्ती जोडतो. पंक्चर काढणारा वाळपई बाजारात सापडेल, पण गावाबाहेर पडल्यावर सायकलचे दुकान मिळेलच असे धरून चालू नये. दोन्ही सायकलींच्या चाकांचे माप वेगळे असेल तर ट्यूबही दोन मापांच्या घ्याव्यात. आणि ब्रह्मकरमळीच्या वाटेवर पत्नीला पुढे ठेवावे, म्हणजे वेग आपोआप तिच्या सायकलचा राहील.