1984 : देशातलं ते वर्ष तुमच्या गावात कसं पोचलं?

घराचे कवेलू उतरवताना माळ्यावर बाबांच्या खर्चाच्या वह्या सापडल्या. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, कोरडवाहू. बाबा रोज संध्याकाळी दोन ओळी लिहायचे, त्याही पैशांच्या. 31 ऑक्टोबर 1984 च्या पानावर मात्र असं आहे: "वेचाई, 11 बाया. इंदिराबाई गेल्या. बाया अर्ध्यातून घरी." मजुरी कापल्याची नोंद नाही. बाबांचा स्वभाव पाहता हीच मोठी बातमी!

एवढं मोठं वर्ष. एप्रिलमध्ये राकेश शर्मा अंतराळात, जूनमध्ये सुवर्ण मंदिरात सैन्य, ऑक्टोबरअखेर पंतप्रधानांची हत्या आणि त्यानंतर दिल्लीत शिखांची कत्तल, डिसेंबरात भोपाळची वायुगळती, लगेच निवडणूक. आणि आमच्या गावात तेव्हा पेपर दुसऱ्या दिवशी दुपारच्या एस.टी.नं यायचा. तुमच्याकडे हे कसं पोचलं? स्वतः पाहिलेलं किंवा घरात ऐकलेलं लिहा. कोण बरोबर, कोण चूक हा वाद इथं नको, तो इतरत्र भरपूर झाला आहे.

खारपाणपट्टा

म्या तवा सातवीत होतो. एप्रिलचे दिवस, अख्खं गाव आंगनात बाजा टाकून झोपे. मास्तरनं शाळेत सांगतलं का आपला मानूस रशियाच्या यानातून वर गेला हाय, आठ दिवस राहीन. रात्री आमी पोट्टे आभायाकडे डोये लावून. एक चांदनी सरकताना दिसली त आमी वरडलो, "थो पाय, राकेश शर्मा!" आज्यानं चादर तोंडावरून काढली अन् म्हने, "अबे, वर गेला त जेवते काय थो?" याचं उत्तर मास्तरपाशीबी नोतं.

ते "सारे जहाँ से अच्छा"वालं आमाले मंग रेडिओवर समजलं. आज्याले सांगतलं त म्हने, "बरं बोलला. पन पाऊस कवा येते हे वरून दिसलं काय, ते इचारा लागत होतं."

जुना हायवे सहा

जरा लांबेल, सांभाळून घ्या.

माझे मोठे काका शेतकरी संघटनेचे. छातीवर बिल्ला, खिशात विडीचं बंडल. मार्च 1984 मध्ये पंजाबातल्या शेतकऱ्यांनी विजेचे दर आणि मालाच्या भावासाठी चंदीगडला राजभवनाला वेढा घातला होता, शरद जोशीही त्यात होते. आपल्या भागातूनही काही जण गेले, त्यात काका. मोठ्या आईनं आठ दिवस पुरतील अशा दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. गठुडं जवळजवळ तसंच परत आलं. तिथं खेड्याखेड्यांतून ट्रॉल्या भरून रोट्या येत होत्या, डाळीच्या कढया उतरत नव्हत्या. काकांचं हिंदी म्हणजे "हमारे इकडे कापूस हाय, भाव नाई" एवढंच, पण तेवढ्यावर त्यांचं आठवडाभर भागलं. येताना एका म्हाताऱ्या सरदारानं स्वतःच्या हातातलं कडं काढून त्यांना दिलं. ते काकांच्या मनगटाला सैल व्हायचं. वखरताना ते कोपरापर्यंत सरकवून ठेवत.

जूनमध्ये अमृतसरची बातमी आली तेव्हा पेरणीची लगबग होती. काका दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. आजी म्हणाली, "त्याचा तिकडचा दोस्त असन." आम्हाला कळेना, चंदीगड कुठं, अमृतसर कुठं.

मग ऑक्टोबर. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. बीबीसीवर दुपारीच आलं म्हणे, पण आमच्याकडे आकाशवाणीवर संध्याकाळी ऐकलं तेव्हाच लोकांनी खरं मानलं. आजी चुलीपुढं बसून रडली. गाय-वासरू असो की पंजा, तिनं इंदिराबाईशिवाय कोणाला मत दिलं नव्हतं. तिच्या लेखी ती घरातलीच बाई होती.

गावापासून दोन कोसांवर हायवेला एका सरदारजींचा ढाबा होता. दुसऱ्या दिवशी दिल्लीकडच्या बातम्या ट्रकवाल्यांच्या तोंडून यायला लागल्या. रेडिओवर नुसती सारंगी. अंधार पडल्यावर काकांनी बंडी जुंपली. परतले तेव्हा बंडीत ताडपत्रीखाली सरदारजींची बायको, दोन पोरं आणि एक शिलाई मशीन होती. सरदारजी मागून पायी आले, डोक्याला आमच्याकडचा दुपट्टा बांधून.

खालच्या खोलीत वेचलेला कापूस छतापर्यंत भरला होता. ती पोरं त्या गंजीवर झोपली. सकाळी त्यांच्या केसांत सरकी आणि पातेरा. आम्हाला हसू आलं, तीही हसली. गावात कुजबुज झालीच. एक जण ओसरीवर येऊन म्हणाला, "जी मोठी माय, यायच्याच लोकायनं बाईले मारलं, अन् तुमी घरात घेतलं?" आजीचे डोळे सुजलेलेच होते. ती म्हणाली, "माह्या घरी जेवाले बसलेत ते. तू बसतं का?" तो बसला नाही. पाच रात्री ते आमच्याकडे होते.

काकांना कोणी शूर म्हटलेलं आवडत नसे. "आठ दिवस त्यायची रोटी खाल्ली न बे," एवढंच म्हणत.

परकर आणि पाटी

माझं छोटंसंच. ऑगस्टमध्ये लॉस एंजलिसला पी. टी. उषाचं ब्राँझ सेकंदाच्या शंभराव्या भागानं हुकलं. आमच्या जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींनी फळ्यावर 55.41 आणि 55.42 लिहून दशांश अपूर्णांक शिकवले. मला गणितातलं तेवढंच पक्कं आठवतं. त्या वर्षी तालुक्याच्या स्पर्धेला मुलींच्या धावण्यात आमच्या गावातून मी एकटीच होते, परकर वर खोचून, अनवाणी. चौथीच आले. गुरुजी म्हणाले, "उषाबी चौथीच आली." महिनाभर मी त्याच तोऱ्यात होते. मे महिन्यात बचेंद्री पाल एव्हरेस्टवर चढली, ते मात्र आम्हाला पुढच्या वर्षीच्या पुस्तकी प्रश्नांत कळलं.

संत्राबाग

वरूडकडचा आहे. आंबिया बहाराचा संत्रा आमचे बाबा ट्रकनं भोपाळच्या बाजारात न्यायचे. 2 डिसेंबरला मुलताई-बैतूलवरून निघाले. टायर फुटला, म्हणून होशंगाबादच्या पुढं एका झाडाखाली रात्र काढली. एरवी पहाटे ते मंडीत असते. बाबा त्या टायरचा पत्रा घरी घेऊन आले होते, कितीतरी वर्षं गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून होता.

सकाळी समोरून माणसं येताना दिसली. जी गाडी मिळाली तिच्यात, काही पायी. डोळे लाल, तोंडाला ओलं फडकं. कोणाला नीट सांगता येईना, "मिर्ची जली, मिर्ची जली" एवढंच. बाबांनी ट्रकचा फाळका खाली केला आणि संत्रा वाटायला सुरुवात केली. सोलून दिला तरी कित्येकांना गिळवेना. त्या फेरीचे पैसे बुडाले, त्याबद्दल ते कधीच बोलले नाहीत.

बोलले ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल. मागाहून पेपरात आलं की त्या कारखान्यात कार्बारिल बनायचं आणि त्यासाठीच तो मिथाइल आयसोसायनेट वायू टाकीत साठवलेला होता. कार्बारिल म्हणजे बोंडअळीसाठी तेव्हा आपण कपाशीवर मारायचो तीच भुकटी. आमच्याकडे तिचा डबा कणगीमागं असायचा. आई ती बादलीत हातानं कालवायची. बाबांनी डबा उचलून धुऱ्यावर पुरला. पुढच्या हंगामात मात्र अळी आली आणि उधारीवर दुसरं औषध आलंच, त्याचा वास आणखी उग्र. काय करता?

गडमंदिराच्या पायथ्याशी

आमचा मतदारसंघ रामटेक. डिसेंबरअखेर निवडणूक, उमेदवार पी. व्ही. नरसिंह राव. लोक म्हणायचे, आंध्रातला माणूस, आपल्याशी बोलणार कसा? तर गडी स्वच्छ मराठीत बोलला. ते हनमकोंड्यालाही उभे होते, तिथं पडले, इथं निवडून आले. देशभरात भाजपच्या त्या वेळी दोनच जागा आल्या आणि त्यातली एक हीच हनमकोंड्याची! म्हणजे त्या लाटेतही जे थोडे पडले, त्यांतला एक आमच्या शिक्क्यानं दिल्लीला गेला आणि 1991 मध्ये पंतप्रधान झाला. (त्या वेळी ते खासदार नव्हते, नंतर पोटनिवडणुकीत नांद्यालहून निवडून आले, हे आधीच सांगतो, नाहीतर कोणीतरी चूक काढेलच.)

वडील मतदान केंद्रावर शिपाई होते. ते सांगत, बऱ्याच म्हाताऱ्या बाया मतपत्रिका हातात घेऊन विचारायच्या, "बाईचा फोटो कुठी हाय?" पोरगा उभा आहे, बाई गेली, हे त्यांना माहीत होतं. तरी विचारायच्या.

बुलडाणेकर

आमच्याकडून त्याच निवडणुकीत मुकुल वासनिक गेले, वय 25. माझ्या भावाचंही तेव्हा तेच वय, आणि तो कापसाच्या चुकाऱ्यासाठी खरेदी केंद्रावर चकरा मारत होता. आई त्याला रोज हे ऐकवायची.

धागाकर्ता

बाबांच्या वहीत 3 नोव्हेंबरला आहे: "काम बंद. पाटलाकडे टीव्ही. पोरं नेली." ती पोरं म्हणजे आम्ही. अँटेना धरून एक गडी कवेलूवर उभा होता. चिता दिसली की मुंग्या यायच्या, मुंग्या गेल्या की नुसती गर्दी. मी निम्मा वेळ वर त्या गड्याकडेच बघत होतो, पडतो की काय म्हणून.

संत्राबाग

हायवे सहावाले भाऊ, त्या सरदारजींचं पुढं काय झालं? ढाबा राहिला का?

जुना हायवे सहा

राहिला. मागची पडवी जळाली होती, कोणी जाळली ते शेवटपर्यंत कळलं नाही. किंवा कळलं असेल, काकांनी सांगितलं नाही. थोरल्या पोरानं आता पेट्रोल पंपाजवळ टायरचं दुकान टाकलं आहे, वऱ्हाडी आपल्यापेक्षा चांगली बोलतो. काका गेले तेव्हा तेराव्याला सगळं कुटुंब आलं होतं. ते कडं मोठ्या आईनं त्याच्या हातात दिलं. त्यालाही ते सैलच होतं.