मिरगाचा किडा कोणाला दिसला का?

*वानखडे (सेक्रेटरी):* सर्व सभासदांना नमस्कार. रविवारी सकाळी ८ वाजता डासांसाठी धूर फवारणी आहे, खिडक्या बंद ठेवाव्या. मागच्या मोकळ्या जागेत पावसाळ्यात चिखल होतो, म्हणून तिथं गट्टू (पेव्हर ब्लॉक) बसवायचं आणि मोठा एलईडी लाइट लावायचं कोटेशन आलं आहे. हरकत असल्यास आजच कळवा.

*गावंडे काका, अ-१०२:* माझी हरकत आहे. मिरग लागला, पहिला पाऊस पडून गेला, अन् मागच्या जागेत एक लाल मखमली मिरगाचा किडा नाही. नातवाला दाखवायला नेलं तर तो म्हणते, आजोबा, मोबाइलवरच दाखवा ना.

*ठाकरे, ब-३०४:* काका, किडे गेले तर चांगलंच झालं ना बाप्पा 😄 दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्यामागं आपणच ओरडतो, ईडा पीडा घेऊन जा गे मारबत. गेली घेऊन.

*गावंडे काका, अ-१०२:* घेऊन गेली, पण सामान चुकीचं नेलं. काजवे नेले, सोनकिडे नेले. डास अन् झुरळं आपल्यासाठी ठेवून गेली.

*देशमुख काकू, ब-२०१:* अगं बाई, सोनकिडा! काडेपेटीत बाभळीचा पाला घालून ठेवायचो. एकदा त्यानं पेटीतच अंडी घातली अन् आईनं पेटीसकट बाहेर फेकली. आमच्या सक्करदऱ्याच्या घरामागं बाभळीच बाभळी होत्या. आता बाभूळच नाही तर तो खाईल काय?

*स्नेहल, अ-३०३:* सगळ्यांना नम्र प्रश्न 🙏 हे आठवणींचं प्रकरण तर नाही ना? लहानपणी आपण जमिनीच्या जवळ असतो, दिवसभर मातीत खेळतो. आता चौथ्या मजल्यावर राहून, गाडीत बसून फिरतो. दिसणार कसे?

*डॉ. राऊत सर, अ-४०१:* स्नेहल, प्रश्न बरोबर आहे, म्हणूनच मोजणी लागते. जर्मनीत क्रेफेल्ड गावच्या हौशी अभ्यासकांनी ६३ संरक्षित जागांमध्ये सापळे लावून त्यात पडलेल्या उडत्या किड्यांचं वजन करून ठेवलं. १९८९ ते २०१६ या २७ वर्षांत ते वजन सुमारे ७६ टक्के घटलं. २०१७ मध्ये हे छापून आलं. अन् ह्या राखीव जागा होत्या, शहरातले प्लॉट नाही.

*ठाकरे, ब-३०४:* सर, जर्मनीचं नागपूरला कसं लागू होईल?

*डॉ. राऊत सर, अ-४०१:* आकडा नाही लागू होणार. कारणं मात्र ओळखीची आहेत. मिरगाचा किडा घ्या. तो मुळात कीटक नाहीच, पाय मोजले तर आठ भरतील, कोळ्याच्या नात्यातला आहे. वर्षभर जमिनीत असतो, पहिल्या पावसानंतर वाळवी खायला अन् जोडी जमवायला वर येतो. त्याची पिल्लं नाकतोड्यासारख्या किड्यांच्या अंगावर चिकटून वाढतात. म्हणजे त्याला मोकळी माती पाहिजे, वाळवी पाहिजे, नाकतोडेही पाहिजेत. सिमेंट रोड, गट्टू अन् फवारणी यांत यातलं काय शिल्लक राहते?

*बोकडे भाऊ, ब-१०३:* आमच्या काटोलकडच्या वावरात मागच्या मिरगात दिसले होते. पण कुठं, तर फक्त धुऱ्यावर, म्हणजे बांधावर. वावरात नाही. अन् आता धुऱ्यावरही लोक तणनाशक मारून राहिले, निंदायला माणूस भेटत नाही म्हणून. मीही मारतो, खोटं काऊन बोलू.

*देशमुख काकू, ब-२०१:* बोकडे भाऊ, पण बीटी कापूस आल्यावर फवारे कमी झाले होते ना?

*बोकडे भाऊ, ब-१०३:* बोंडअळीचे झाले होते काकू. बीटीला २००२ मध्ये परवानगी मिळाली, पहिली काही वर्षं मजेत गेली. मग तुडतुडे अन् पांढऱ्या माशीसाठी पुन्हा पंप पाठीवर आला. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं वाट लावली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता विषबाधेनं माणसं गेली. माणसाची ही गत, तिथं किड्याला कोण विचारते.

*डॉ. राऊत सर, अ-४०१:* बियाण्याला चोळलेलं औषधही असते. इमिडाक्लोप्रिड नावाचं कीटकनाशक रोपाच्या रसातून वर जाते, मधमाशीलाही पोचू शकते. युरोपात २०१८ मध्ये त्यासकट तीन औषधांना उघड्या शेतात बंदी झाली.

*ठाकरे, ब-३०४:* ठीक आहे सर, शेतीचं समजलं. पण आपल्या इथं फवारणी डेंग्यूसाठी आहे. मागल्या वर्षी माझी पोरगी ऍडमिट होती. किड्यांसाठी मी रिस्क घेणार नाही.

*डॉ. राऊत सर, अ-४०१:* घेऊच नका. पण धुरानं फक्त उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात. डेंग्यूचा डास साचलेल्या साध्या पाण्यात अंडी घालते, चावते दिवसा. अंडं ते डास हे आठ-दहा दिवसांत होते, म्हणून दर आठवड्याला पाणी काढलं तर साखळी तुटते. अन् नागपुरात जूनमध्ये साचलेलं पाणी कुठं असते? कूलरच्या टाकीत! पाऊस आला की कूलर बंद होते, पाणी आत राहते. धुरात चतुरही मरतो. तो मोठेपणी डास खाते, अन् त्याची पिल्लं तळ्यातल्या डासांच्या अळ्या खातात.

*गावंडे काका, अ-१०२:* चतुराच्या शेपटीला आम्ही दोरा बांधायचो. पोट्टे मोठे पापी होतो. पण अंबाझरी तलावाच्या पाळीवर इतके असायचे की कमी पडतील असं वाटलंच नाही.

*स्नेहल, अ-३०३:* सर, काजव्यांचं काय? मी नागपुरात वाढले, पण पहिल्यांदा काजवे पाहिले ते भंडारदऱ्याला, तिकिटाच्या टूरमध्ये 🙈

*डॉ. राऊत सर, अ-४०१:* काजव्याची अळी ओल्या पाचोळ्यात राहून गोगलगायी खाते. मोठं झाल्यावर थोडेच आठवडे जगते, त्यात चमकून जोडीदार शोधायचा असते. पांढऱ्याफक लाइटमध्ये ती चमक दिसणार कोणाला? अन् आपण कोपऱ्यातला पाचोळाही जाळतो.

*ठाकरे, ब-३०४:* म्हणजे मागं अंधार ठेवायचा? मग बाइक चोरीला गेल्या की ग्रुपवर कोण रडते ते पाहू.

*देशमुख काकू, ब-२०१:* ठाकरे भाऊ, बाइक समोर लावता, चोर मागून काऊन येईल 😄

*बोकडे भाऊ, ब-१०३:* पण भिंतीचा तो टप्पा खरंच बुटका आहे. ठाकरे चूक नाही बोलून राहिले.

*स्नेहल, अ-३०३:* सेन्सरचा लाइट लावू. माणूस आला तरच लागेल, अन् पांढरा न घेता पिवळा घेऊ. गट्टू फक्त चालायच्या पट्ट्यात, बाकी माती राहू द्या.

*गावंडे काका, अ-१०२:* चिखल होते त्या ठिकाणी मुरूम टाका ना, गट्टूपेक्षा स्वस्तही पडते.

*देशमुख काकू, ब-२०१:* अन् एखादी बाभूळ?

*वानखडे (सेक्रेटरी):* काकू, काट्यांची तक्रार तुम्हीच पहिली कराल 🙏 गट्टूवाल्याला थांबवतो. फवारणीचं मीटिंगमध्ये ठरवू, तोवर कूलरच्या टाक्या सगळ्यांनी रिकाम्या करा. सेन्सर लाइट कितीला मिळतो, कोणी पाहून सांगेल का?

*ठाकरे, ब-३०४:* उद्या सीताबर्डीला जाऊन राहिलो, विचारतो. पण सेन्सर मांजर आली तरी लागते, ते आधी सांगून ठेवतो.